अतिरेक रोखायचा, पण कायदा सोडायचा नाही: सोलापूरसाठी एक कार्यपद्धती

ऑक्टोबर २००२ मध्ये जेरी फॉलवेल या अमेरिकी धर्मोपदेशकाने तिकडच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात प्रेषित मोहंमदांविषयी अपमानकारक विधान केले. त्याच्या निषेधार्थ ११ ऑक्टोबरला, शुक्रवारी, सोलापुरात बंद पुकारण्यात आला, बंदला हिंसक वळण लागले, दंगलीत माणसे मेली आणि शहरात संचारबंदी लागली. दुसऱ्याच दिवशी त्या उपदेशकाने आपल्या विधानाबद्दल माफी मागितली. ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांचा त्या विधानाशी काडीचाही संबंध नव्हता.

याच शहराने त्याच्या बहात्तर वर्षे आधी दुसरी गोष्टही पाहिलेली आहे. मे १९३० मध्ये इंग्रज सरकारने सोलापुरात लष्करी कायदा पुकारला आणि त्या दिवसांत डोक्यावर गांधी टोपी घालणे हासुद्धा गुन्हा ठरला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. आरोप पोलिसांच्या हत्येचा होता. पण खरा गुन्हेगार कोण हे शोधण्यापेक्षा शहराला धडा शिकवणे सरकारला महत्त्वाचे वाटले, अशी सोलापूरची आजही ठाम समजूत आहे.

जमाव बेभान झाला की काय होते हे पहिल्या घटनेत दिसते आणि सत्तेने नेहमीचा कायदा बाजूला ठेवला की काय होते हे दुसऱ्या घटनेत. धार्मिक अतिरेकाला तोंड देताना या दोन्ही वाटा टाळायच्या असतात. प्रत्यक्षात मात्र पहिल्या वाटेची भीती दाखवून दुसरीचा आग्रह धरला जातो, म्हणून पुढील सूचना दोन्हींचे भान ठेवून लिहिल्या आहेत. त्या मोहल्ला समित्या, मंडळे, शिक्षक, पत्रकार, वकील आणि एकंदर जबाबदार नागरिकांसाठी आहेत; पोलिसांना त्यांचे काम शिकवण्याचा हेतू नाही, मात्र त्यांच्याकडून कोणती अपेक्षा ठेवावी हे त्यात ओघाने येईलच.

अतिरेकी कोणाला म्हणावे

सर्वांत आधी व्याख्या ठरवावी, कारण ती सैल राहिली की पुढचे सगळेच बिघडते. धर्माचे काटेकोर पालन करणारा माणूस अतिरेकी नसतो. पाच वेळची नमाज, एकादशीचे उपवास, गळ्यातले इष्टलिंग, कपाळावरचा टिळा, दाढी, बुरखा, तुळशीची माळ यांपैकी कशावरूनही कोणाच्या मनात हिंसा आहे की नाही हे कळत नाही. आपल्या धर्माच्या नावाने दुसऱ्याला मारण्याचा, हुसकावण्याचा किंवा त्याचे नागरिक म्हणून असलेले हक्क काढून घेण्याचा अधिकार आपल्याला आहे असे जो मानतो आणि त्यासाठी कृती करतो किंवा इतरांना चिथावतो, तो अतिरेकी. या व्याख्येत विचारापेक्षा कृतीला आणि चिथावणीला वजन दिले आहे, आणि ते हेतुपुरस्सर आहे.

कर्मठपणा ही तिसरीच गोष्ट असून तिच्याशी वागण्याची रीतही वेगळी आहे. आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या भाविकांना प्रवेश नव्हता. साने गुरुजींनी त्यासाठी महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागे केले, मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. प्रवेशाला विरोध करणारे कर्मठ होते, त्यांचे म्हणणे अन्यायाचे होते, तरीही त्यांच्याशी लढण्याचे साधन सत्याग्रह आणि लोकमत हेच राहिले. कर्मठाशी वाद घालावा, आंदोलन करावे, कायदा बदलून घ्यावा. अतिरेक्याच्या कृतीविरुद्ध मात्र फिर्याद द्यावी. दोघांना एकाच मापाने मोजले की श्रद्धाळू माणूस दुखावतो आणि नेमक्या त्याच माणसाची आपल्याला गरज असते.

आणखी एक अडचण आहे, जी कोणी उघडपणे बोलत नाही. स्वतःच्या धर्मातला अतिरेकी माणसाला सर्वांत शेवटी दिसतो, कारण त्याच्या बोलण्यातले शब्द ओळखीचे असतात आणि त्याच्या रागातला काही भाग आपल्यालाही पटलेला असतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्याही वेळी ‘पण ते बोलतच असे होते’ असे म्हणणारे लोक निघाले. दाभोलकरांवर गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली ती मे २०२४ मध्ये. म्हणून एक कसोटी जवळ ठेवावी: एखाद्या घटनेवर मत देण्यापूर्वी वाक्यातले धर्माचे नाव बदलून पाहावे आणि मत तेच राहते का ते तपासावे. राहत नसेल तर काही काळ गप्प राहणे बरे.

शांत दिवसांत करायचे काम

या विषयातले खरे काम शहर शांत असताना होते. दंगल सुरू झाल्यावर समिती स्थापन करण्यात अर्थ नसतो. तोवर माणसे आपापल्या वस्तीत बंदिस्त झालेली असतात आणि पलीकडच्या वस्तीतला एकही दूरध्वनी क्रमांक कोणाकडे नसतो.

यासाठी भिवंडीचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. ते यंत्रमागांचे गाव आहे, म्हणजे आपल्यासारखेच, आणि १९७० व १९८४ अशा दोन मोठ्या दंगली त्याने सोसल्या होत्या. १९८८ पासून तेथील पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांचे जाळे उभे केले. वस्तीवस्तीत हिंदू आणि मुसलमान रहिवासी एकत्र बसू लागले, वस्तीचा पोलीस त्यांच्या ओळखीचा झाला, नळाच्या भांडणापासून घरगुती तंट्यापर्यंतचे विषय त्या बैठकीत येऊ लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. समित्यांमध्ये धर्मावर चर्चा कमी आणि नळावर जास्त होत असे, हा त्यातला लक्षात ठेवण्याजोगा भाग आहे.

भारतातल्या दंगलग्रस्त आणि शांत शहरांची तुलना करणाऱ्या अभ्यासातूनही असेच निरीक्षण पुढे आले आहे. शेजारधर्म, ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ यांनी मने जवळ येतात, परंतु मोठ्या शहरात संकटाच्या वेळी तेवढे पुरत नाही. तिथे टिकतात त्या मिश्र संघटना: कामगार युनियन, व्यापाऱ्यांची संघटना, वकील संघ, वाचनालय, क्रीडामंडळ. कारण या संघटनांमध्ये दोन्हीकडच्या लोकांचे हितसंबंध गुंतलेले असतात आणि दंगल झाली तर दोघांचेही नुकसान होणार असते.

सोलापूरकडे ही पुंजी इतर अनेक शहरांपेक्षा अधिक आहे, फक्त तिच्याकडे या दृष्टीने कोणी पाहत नाही. विडी कामगार महिलांच्या संघटनेने कुंभारीत दहा हजार घरांची वसाहत उभी केली आणि २००६ मध्ये ती राहायला खुली झाली. त्याच परिसरात रे नगरमधील पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या हाती पडल्या. पद्मशाली, मुसलमान, लिंगायत, दलित कुटुंबे तिथे संघटनेच्या सभासदत्वावर आली. ज्या शहरांत घर भाड्याने देताना आडनाव विचारले जाते, तिथे अशी वसाहत होणे ही कोणत्याही सद्भावना फेरीपेक्षा मोठी घटना आहे. विडी देण्यासाठी एकाच कारखान्यात उभ्या राहणाऱ्या, एकाच भविष्यनिर्वाह निधीसाठी भांडणाऱ्या स्त्रियांना शांतता समितीत क्वचितच बोलावले जाते. सुधारणेची सुरुवात इथून करावी.

आपल्याकडची शांतता समिती बहुधा सण तोंडावर आला की भरते. मान्यवरांचे सत्कार होतात, चहा होतो, छायाचित्र निघते आणि दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात येते. त्या बैठकीला माझा विरोध नाही, पण तिच्यावर विसंबू नये. समितीत मौलाना आणि पुजारी असावेतच, त्यांच्याबरोबर रिक्षा थांब्याचे प्रमुख, यंत्रमाग कारखान्यातले जॉबर (मागांवर देखरेख करणारे मुकादम), सूत व्यापारी, दवाखान्यातील परिचारिका, शाळेचे मुख्याध्यापक आणि तालमीतले किंवा मंडळातले विशीतले कार्यकर्तेही असावेत. दगड कोण उचलणार आहे याची बातमी याच लोकांना आधी लागते. बैठक दरमहा व्हावी, विषय पाणी, कचरा, दिवाबत्ती यांसारखे असावेत आणि प्रत्येक सभासदाला पलीकडच्या वस्तीतील किमान दोन-तीन सभासद नावाने ओळखता यावेत, एवढी अपेक्षा पुरे.

मिरवणुकांचे नियम मात्र लिहून ठेवावेत, आणि ते कोणत्याही विशिष्ट मिरवणुकीच्या आधी नव्हे तर वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवावेत. सोलापुरात गड्डा यात्रेतील नंदीध्वजांची मिरवणूक, शिवजयंती, आंबेडकर जयंती, मोहरम, ईद-ए-मिलाद, गणपती विसर्जन असा वर्षभराचा क्रम असतो. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने मुस्लीम सण दरवर्षी मागे सरकतात आणि कधी ना कधी कोणत्या तरी हिंदू सणावर येतातच. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले, तेव्हा राज्यात ईदची सुटी दुसऱ्या दिवशी देण्यात आली आणि अनेक ठिकाणी मुस्लीम संघटनांनी मिरवणुका आपण होऊन पुढे ढकलल्या. असे योग काही वर्षे आधीच पंचांगात आणि कॅलेंडरात दिसतात, त्यामुळे ते समितीच्या टेबलावर आधीच यावेत. मार्ग, वेळ, प्रार्थनास्थळासमोर वाद्ये थांबवायची की नाही, घोषणा कोणत्या नकोत, स्वयंसेवक कोण, हे सर्व एका कागदावर असावे आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या असाव्यात. ध्वनीचा नियम २००० पासून देशभर लागू आहेच: रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. तो मंदिराच्या भोंग्याला, मशिदीच्या भोंग्याला आणि मिरवणुकीतल्या डीजेला सारखाच लावावा. एकाला सूट आणि दुसऱ्याला नोटीस मिळाली की अतिरेक्यांना वेगळा प्रचार करावा लागत नाही.

अफवा, आणि दूरवरून आलेला अपमान

२००२ मध्ये अमेरिकेतले विधान सोलापुरात पोहोचायला काही दिवस लागले होते. आता काही मिनिटे लागतात, आणि विधान खरे असण्याचीही गरज उरलेली नाही. अशा वेळी पहिले काम खात्री करण्याचे: चित्रफीत केव्हाची, कुठली, तिचा आवाज मूळचा आहे का, अर्धीच कापलेली तर नाही. हे काम कोण करणार ते आधी ठरलेले असावे. समितीतील एखादा पत्रकार आणि एखादा तंत्रज्ञानाची जाण असलेला शिक्षक पुरेसा होतो. खात्री झाल्याशिवाय ‘ही अफवा आहे’ असेही म्हणू नये. घटना खरी निघाली तर पुढच्या वेळी कोणी विश्वास ठेवणार नाही.

खुलासा कोणत्या भाषेत जातो याला सोलापुरात फार महत्त्व आहे. पूर्व विभागात घरात तेलुगू बोलली जाते, अनेक पेठांत कानडी, मुस्लीम वस्त्यांत दखनी आणि उर्दू. अफवा या सगळ्या भाषांतून फिरते, प्रशासनाचा खुलासा मात्र शासकीय मराठीत निघतो आणि ज्यांच्यासाठी तो असतो त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. चार भाषांत, प्रत्येकी तीन-चार वाक्यांत, ओळखीच्या माणसाच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पाठवलेला खुलासा अधिक कामाचा. तो त्या त्या समाजातील माणसाने द्यावा. मुसलमानांना शांत राहण्याचे आवाहन हिंदू पुढाऱ्याने करायचे आणि हिंदूंना मुस्लीम पुढाऱ्याने, असली नाटकी अदलाबदल करू नये. आपल्या माणसांना आपणच आवरायचे असते.

भावना खरोखर दुखावल्या असतील तर निषेधाला वाट द्यावी, ती बुजवू नये. शांततामय निषेध हा घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने दिलेला हक्क आहे. निवेदन, सभा, काळ्या फिती, मूक मोर्चा हे सर्व मार्ग खुले आहेत. बंदबाबत मात्र सक्त राहावे. सक्तीने केलेला बंद घटनाबाह्य आहे असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो कायम केला. ज्याला दुकान बंद ठेवायचे त्याने ठेवावे; उघडे दुकान बंद करायला जमावाने जाणे इथेच बहुतेक वेळा पहिली ठिणगी पडते. संघटनेला बंद पुकारायचाच असेल तर ‘ऐच्छिक’ हा शब्द पत्रकावर छापून न थांबता ज्या पेठांत आपले लोक नाहीत तिथे फेरी न्यायची नाही, हे आयोजकांकडून लेखी घ्यावे.

द्वेषाच्या भाषणाविरुद्ध फिर्याद कशी द्यावी

येथे बहुसंख्य लोक एकतर संताप व्यक्त करून थांबतात किंवा थेट रस्त्यावर येतात. मधली, कंटाळवाणी वाट कागदपत्रांची असते आणि तीच उपयोगी पडते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. धर्म, वंश, भाषा, जात अशा कारणांवरून गटागटांत वैर वाढवणे हा तिच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, धार्मिक भावनांचा हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने अपमान करणे कलम २९९ खाली, आणि समाजात वैर वा भीती पसरवणारी खोटी माहिती प्रसृत करणे कलम ३५३ खाली येते. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, भाषा, श्रद्धा अशा कारणांसाठी केलेल्या खुनासाठी कलम १०३ मध्ये स्वतंत्र तरतूद असून तिच्यात जन्मठेप किंवा मृत्युदंड सांगितला आहे.

फिर्याद देताना भाषणाचा सारांश लिहू नये. नेमके शब्द, ठिकाण, तारीख, वेळ, वक्ता, आयोजक आणि ऐकणारे दोन साक्षीदार लिहावेत. चित्रफीत ज्या फोनमध्ये मुळात घेतली तो फोन जपून ठेवावा, मूळ फाइल कापू वा बदलू नये; इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलची ओळख पटवणारा हॅश क्रमांक द्यावा लागतो. समाजमाध्यमावरचा मजकूर असेल तर पत्त्यासह पडद्याचे छायाचित्र घ्यावे. आणि तो मजकूर ‘बघा काय लिहिलंय’ म्हणून दहा ग्रुपवर पाठवू नये. तसे करणारे लोक नकळत त्या वक्त्याचे काम करतात.

पोलीस ठाण्यात दाद मिळाली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या) कलम १७३ नुसार तक्रार लेखी स्वरूपात वरिष्ठ अधिकाऱ्याकडे टपालाने पाठवता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येते. याच कलमाने तीन ते सात वर्षांखालील शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना दिली आहे. कलम १९६ चा गुन्हा या टप्प्यात येत असल्याने ‘चौकशी चालू आहे’ असे उत्तर मिळू शकते. ते मिळाले की चौदाव्या दिवशी पुन्हा जावे. द्वेषपूर्ण भाषणाबाबत कोणी तक्रार दिली नसली तरी पोलिसांनी आपण होऊन गुन्हा नोंदवावा, वक्त्याचा धर्म पाहू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना दिलेला आहे. अर्जात त्याचा उल्लेख अवश्य करावा. पुढचा अडथळा मंजुरीचा असतो. कलम १९६ किंवा २९९ खालील गुन्ह्याची न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी शासनाची मंजुरी लागते आणि ती मिळेपर्यंत प्रकरण जागेवर राहते. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून मंजुरीचा प्रस्ताव कुठे आहे हे विचारणे कोणत्याही नागरिकाला शक्य आहे, तरी फार थोडे लोक ते करतात.

एक सावधगिरी इथेच सांगितली पाहिजे. न आवडलेले मत, धर्माची चिकित्सा, विनोद, इतिहासाविषयीचे वेगळे म्हणणे यांच्याविरुद्ध ही कलमे वापरू नयेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले, ते ‘त्रासदायक’ अशा मोघम शब्दांखाली कोणालाही पकडता येत होते म्हणून. आज आपण चिकित्सकाला तुरुंगात पाठवले तर उद्या तेच हत्यार संतांच्या अभंगांवरही उगारता येईल. कर्मकांडावर आणि ढोंगावर आपल्या संतांइतके कठोर कोणी बोललेले नाही.

हिंसा झालीच तर

पहिल्या काही तासांत जीव वाचवणे आणि जखमींना दवाखान्यापर्यंत नेणे एवढेच महत्त्वाचे. रक्तपेढी, रुग्णवाहिका आणि दोन्ही बाजूंच्या वस्त्यांतून सुरक्षित जाऊ शकणारे चालक यांची यादी समितीकडे आधीच असावी. त्यानंतर येतो तो सूडाचा क्षण, आणि मूल्ये सोडली जातात ती याच वेळी.

सूड आता जमावच घेतो असे नाही. आरोपीचे घर दुसऱ्या दिवशी पाडावे अशी मागणी होते आणि लोक टाळ्या वाजवतात. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले आहे की कोणी आरोपी आहे, किंवा दोषी ठरला आहे, एवढ्यावरून त्याचे घर पाडता येत नाही. बांधकाम बेकायदा असेल तरी पंधरा दिवसांची नोटीस आणि सुनावणी हवी. त्या घरात आरोपीची आई राहते, शाळेत जाणारी मुलगी राहते आणि बहुधा मागच्या खोलीत घरमालकाचे मागही चालतात. गुन्हा एकाचा आणि शिक्षा कुटुंबाला, ही रीत आपल्या कायद्यात कुठेही नाही.

दुसरी मागणी वकील न देण्याची असते. असे ठराव करणे घटनाविरोधी आणि व्यावसायिक नीतीच्या विरुद्ध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात जिवंत पकडलेल्या कसाबलाही वकील मिळाला, खटला चालला, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात अपील झाले, दयेचा अर्ज झाला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी देण्यात आले. चार वर्षे त्याला ‘पोसल्या’बद्दल अनेकांनी त्रागा केला. परंतु त्या खटल्यामुळे कट कसा रचला गेला हे पुराव्यानिशी जगासमोर आले. चकमकीत तो मेला असता तर ते कधीच आले नसते. त्याच काळात मुंबईतल्या मुस्लीम कबरस्तानाच्या विश्वस्तांनी मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफनासाठी जागा नाकारली. कोणत्याही न्यायालयाने त्यांना तसे करायला सांगितले नव्हते. अतिरेक्याला त्याच्याच समाजाने असे नाकारणे हे सर्वांत परिणामकारक उत्तर असते. मात्र ते आपण होऊन आले तरच त्याला किंमत असते. प्रत्येक घटनेनंतर शेजारच्या मुसलमान शिक्षकाकडून किंवा हिंदू दुकानदाराकडून निषेधाचे प्रमाणपत्र मागत बसणे हा निव्वळ अपमान आहे.

आर्थिक बहिष्काराच्या आवाहनांबाबत थोडक्यात: ती करू नयेत, पुढे पाठवू नयेत आणि व्यापारी संघटनांनी त्यांच्याविरुद्ध जाहीर पत्रक काढावे. सोलापूरच्या टॉवेल आणि चादरीच्या धंद्यात सूत, माग, रंग, शिलाई, हमाली आणि वाहतूक एकाच समाजाच्या हाती नाही, हे पत्रकात लिहिण्याचीही गरज पडणार नाही.

पत्रकारांना एवढीच विनंती की मृतांची आणि मदत करणाऱ्यांची नावे मोठी छापावीत, हल्लेखोराची लहान. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे १५ मार्च २०१९ रोजी दोन मशिदींवरील हल्ल्यात ५१ जण मेले, तेव्हा पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी हल्लेखोराचे नाव कधीही उच्चारणार नाही असे संसदेत सांगितले. त्या देशाने शस्त्रांचा कायदा काही आठवड्यांत बदलला, मशिदींना संरक्षण दिले, आणि हल्लेखोराला रीतसर न्यायालयीन प्रक्रियेने जन्मठेप दिली.

भरकटणारा मुलगा

घरातला किंवा वर्गातला एखादा मुलगा जुने मित्र तोडू लागला, रात्रभर एखाद्या बंद ग्रुपवर असू लागला, हत्यांचे समर्थन करू लागला, घरच्यांनाच धर्मभ्रष्ट ठरवू लागला तर त्याकडे लक्ष द्यावे. नमाज किंवा पूजा वाढली एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. सुरुवात धर्मग्रंथावरील वादाने करू नये. त्या वादासाठी तो तयार होऊनच आलेला असतो. नोकरी गेली का, अपमान कुठे झाला, पोलिसांनी विनाकारण उचलले होते का, हे विचारावे. डेन्मार्कमधल्या आर्हूस शहरात सीरियातील युद्धात लढायला निघालेल्या तरुणांसाठी पोलीस, शाळा आणि समाजसेवा खाते यांनी मिळून काम केले. गुन्हा न केलेल्यांना मार्गदर्शक, शिक्षण आणि नोकरीसाठी मदत मिळाली, गुन्हा केलेल्यांवर खटले झाले. आपल्याकडे हे काम आत्याबाई, मामा, जुने शिक्षक आणि तालमीतले वस्ताद करू शकतात. तो एखाद्या कटात प्रत्यक्ष सामील असल्याचे कळले तर मात्र लपवू नये, वकिलाला बरोबर घेऊन पोलिसांकडे जावे.

खटला संपल्यानंतर

सप्टेंबर २००६ मध्ये मालेगावात बॉम्बस्फोट झाले. त्या प्रकरणी मुस्लीम तरुण पकडले गेले, पाच वर्षे तुरुंगात राहिले, २०११ मध्ये त्यांतल्या बहुतेकांना जामीन मिळाला आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. ज्या शहरातले लोक मेले होते त्याच शहरातले यांतले बहुतेक तरुण होते. अशी प्रकरणे घडतात तेव्हा खरे गुन्हेगार मोकळे राहतात आणि अतिरेक्यांच्या भरतीला आयता मजकूर मिळतो, म्हणून सुरक्षेच्या दृष्टीनेही घाईची अटक हा तोट्याचा सौदा असतो.

सुटून आलेल्या माणसाबाबत शहराने काय करावे, हे आधी ठरवलेले कुठेच आढळत नाही. अटकेची बातमी ज्या पानावर छापली त्याच पानावर सुटकेची बातमी छापावी. वकील संघाने निकालाची प्रत त्याला विनामूल्य मिळवून द्यावी, कारण पारपत्र, चारित्र्य पडताळणी आणि बँकेचे कर्ज या प्रत्येक ठिकाणी ती मागितली जाते. विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करण्यास त्याला मदत करावी. घर भाड्याने देताना आणि कामावर घेताना मोहल्ला समितीतील दोन सभासदांनी त्याच्यासाठी शब्द टाकावा. दंगलीत घर जळालेल्या कुटुंबाच्या पंचनाम्याची, नुकसानभरपाईच्या अर्जाची आणि हरवलेल्या शिधापत्रिकेची व्यवस्था याच समितीने पाहावी आणि दोन्ही कामांची नोंद एकाच वहीत ठेवावी.